थिक म्हणा, जाड म्हणू नका

त्या चष्म्याच्या दुकानात एक शब्द तोंडातून काढायची बंदी होती. तो शब्द म्हणजे ‘जाड’. तशी पाटी कुठे लावलेली नव्हती, मालकांनीही कधी तसा हुकूम काढला नव्हता. पण काउंटरच्या मागे एक लाकडी आडोसा होता, आडोशामागे पाण्याच्या धारेखाली गरगरणारं एक चाक होतं, आणि त्या चाकाशी बसलेल्या माणसाच्या कानावर तो शब्द पडला की चाक थांबायचं. मग आडोशाच्या वर आधी पांढऱ्या भुकटीने माखलेलं टक्कल उगवायचं, मागोमाग भुवया, आणि मग प्रश्न यायचा, “कोण म्हणालं?”

हे घासकाका. काचा घासतात म्हणून घासकाका. त्यांचं खरं नाव त्यांच्या बायकोला ठाऊक असणार, पण तीही आयुष्यभर ‘अहो’वर भागवत आली होती. डॉक्टरांनी नंबर काढून द्यायचा, गिऱ्हाइकाने फ्रेम पसंत करायची, आणि गोल काच त्या फ्रेममध्ये चपखल बसेल अशी चाकावर घासायची, हे त्यांचं काम. काम असं की माणूस दिवसभर माणसांच्या डोळ्यांसाठी राबतो आणि माणसाचं तोंड मात्र त्याला दिसत नाही. त्याची भरपाई घासकाका रस्त्यात करायचे. समोरून येणाऱ्याचा चेहरा ते पाहतच नसत, थेट नाक पाहत. दूरचा भाऊ भेटला तर ओळखत नसत, पण “कालचे ते आयताकृती, डावी काच किंचित हलकी” हे लगेच ओळखत.

जाड शब्दाला बंदी असली तरी जाड काचांना बंदी करता येत नव्हती. मोठ्या नंबरची माणसं यायचीच. काउंटरवर बसणारी ताई मोठी हुशार. तिने यातून वाट काढली होती.

एकदा एक बाई आल्या. नंबर भारी, आवाज त्याहून भारी.

“काय हो, काच फार जाड येईल का?”

ताईने एक डोळा आडोशाकडे ठेवून सांगितलं, “जा... छे छे. थोडीशी थिक येईल.”

“थिक ना? मग हरकत नाही,” बाईंचा जीव भांड्यात पडला. “मला वाटलं जाड येते की काय.”

तेव्हापासून दुकानात ‘थिक’ चालू लागला. घासकाकांनीही मनावर घेतलं नाही. इंग्रजी शब्दाचं एक बरं असतं, तो परक्याच्या घरचा असल्यामुळे लागला तरी फार लागत नाही. आणि त्यांचं म्हणणं असं, की ज्या पुडक्यांतून काचा येत त्यांच्यावर कंपनीवाले तरी कुठे खरं लिहितात? एका पुडक्यावर ‘थिन’. दुसऱ्यावर ‘सुपर थिन’. तिसऱ्यावर ‘अल्ट्रा थिन’. इतकी वर्षं पुडकी फोडली, पण ‘थिक’ असं छापलेलं पुडकं त्यांच्या हाताखालून गेलं नव्हतं. त्या हिशेबाने जगात जाड काच तयारच होत नव्हती. ती फक्त लोकांच्या नाकावर दिसायची.

आता एवढा राग त्या बिचाऱ्या शब्दावर का? तर त्याला कारण छकू.

छकू म्हणजे घासकाकांची एकुलती एक मुलगी. शाळेत जायला लागली तेव्हा फळ्यावरचं दिसत नाही म्हणाली. डॉक्टरांनी तपासलं आणि जो नंबर निघाला तो ऐकून घासकाकांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तोच निघाला. पहिला चष्मा लावून पोरगी शाळेत गेली आणि दुपारी परत आली तेव्हा तिचं बारसं झालेलं होतं. सगळा वर्ग तिला ‘बाटलीचं बूड’ म्हणत होता. लांबलचक नाव घ्यायला वेळ लागतो म्हणून दुसऱ्या दिवसापर्यंत त्याचं ‘बूडबाई’ झालं. पोरगी रडली नाही. नुसती विचारत राहिली, “बाबा, काच घासून पातळ नाही होत का?”

तोवर काच घासणं ही घासकाकांची नोकरी होती. त्या दिवसापासून त्यांना त्याचं वेड लागलं.

शास्त्र तसं सोपं आहे. ज्याला लांबचं दिसत नाही त्याची काच मधे पातळ असते आणि कडेकडेला जाड होत जाते. नंबर जितका मोठा तितकी कड जाड. घासकाकांनी विचार केला, मग कड ठेवायचीच कशाला? फ्रेम लहान घ्यावी, कडेची सगळी जाडी चाकावर पाण्याबरोबर वाहून जाऊ द्यावी, मागे उरेल तो मधला नाजूक, पातळ तुकडा. त्यांनी तसं केलं आणि ते साधलं. शिवाय उरलीसुरली कड ते अशी पॉलिश करायचे आणि अशी फ्रेमच्या पाठीमागे दडवायचे, की बघणाऱ्याला वाटावं पोरीचा नंबर किरकोळ आहे.

पुढे छकूचा नंबर वाढत गेला आणि चष्मा लहान होत गेला. दर वेळी नवा चष्मा झाला की घरी सोहळा. घासकाका हातपाय धुऊन बसायचे, चष्म्याचं घर खिशातून काढायचे, झाकण टक्कन उघडायचे आणि चष्मा आडवा धरून म्हणायचे, “दाखव बरं, कड कुठाय?”

“कड सोडा,” बायको म्हणायची, “आधी चष्मा कुठाय ते दाखवा.”

“तुला नाही कळायचं त्यातलं.”

“मला कशाला कळायला हवं? पुढल्या खेपेला दोन शर्टाची बटणं बसवून आणा, म्हणजे झालं.”

छकू हसायची, चष्मा लावायची आणि परीक्षा द्यायची. ही परीक्षा दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला द्यावी लागे. दुकानाच्या बरोब्बर समोर धोब्याचं दुकान होतं. त्याच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘कपडे एका दिवसात मिळतील’, आणि खाली बारीक अक्षरांत, ‘कोणत्या ते विचारू नये’. ज्याला खालची ओळ वाचता आली तो पास. घरी धोबी नव्हता, म्हणून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर. छकू खालची बारीक अक्षरं खडाखडा वाचायची, घासकाका मान डोलवायचे, झाली परीक्षा. समोरचं दिसलं की सगळं दिसलं, अशी त्यांची पक्की समजूत होती.

छकू शिकली, मोठी झाली आणि एका शाळेत इंग्रजीची बाई म्हणून लागली. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, आधी फक्त एका सत्रापुरती नेमणूक दिली. वर्ग सांभाळता आला तर पुढे कायम. घासकाकांनी मालकांना पेढे दिल्याच्या थाटात बातमी दिली. ताईने विचारलं, “काका, मुलं चिडवणार तर नाहीत ना हो?” आणि लगेच जीभ चावली. पण शब्द आडोशापलीकडे पोहोचला होता. चाक थांबलं होतं.

ताईच्या तोंडून निघालं आणि शाळेत बिनसलंच. दोन महिन्यांनी एकदा जेवताना छकू ताटात नुसती बोटं फिरवत बसली.

“काय गं, काय झालं?” आईने विचारलं.

“वर्ग ऐकत नाही, आई. म्हणजे मधली मुलं गुणी आहेत. बाकीची... कळतच नाही कुठून आवाज येतो. मोठ्या बाई आज दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘सत्र संपेपर्यंत वर्ग हातात आला नाही तर मला दुसरी बाई बघावी लागेल.’”

घासकाकांचा घास हातातच राहिला. “मला माहीत होतं,” ते म्हणाले. “कड दिसतेय.”

“तसं नाही, बाबा...”

“तसंच आहे. पोरांची जात. मी काय पोरं पाहिली नाहीत? उजव्या बाजूने अजून दिसते कड थोडी. तू काळजी करू नको.”

छकू काहीतरी बोलणार होती. तिने तोंड उघडलंही होतं. पण बापाच्या चेहऱ्यावर असा काही निर्धार आला होता, की तिने उघडलेल्या तोंडात घास घातला.

दुसऱ्या दिवशी घासकाकांनी लहान मुलांच्या फ्रेमचा खण उघडायला लावला.

“काका, ही पाच वर्षांच्या पोराची आहे,” ताई म्हणाली.

“दांड्या बदलू. काच बघ काय सुरेख बसेल.”

आणि बसली. असा चष्मा त्या गावात कोणी पाहिला नसेल. काच कसली, नुसता काचेचा विचार. मालकांनी हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, “घासकाका, हात आहे की काय आहे हो तुमचा!” घासकाका लाजले. छकूने तो चष्मा लावला, कॅलेंडर वाचलं आणि शाळेत गेली. त्या आठवड्यात तिच्या वर्गाचा गोंगाट जिना उतरून मोठ्या बाईंच्या खोलीपर्यंत पोहोचला.

एवढ्यात त्या चिमुकल्या फ्रेमचा स्क्रू सैल झाला. छकू आधीचा चष्मा लावून शाळेत गेली आणि नवा दुरुस्तीला बापाकडे देऊन गेली. घासकाकांनी स्क्रू बसवला आणि जेवणाच्या सुट्टीत स्वतःच तो पोचवायला निघाले. पोरगी एवढ्या महत्त्वाच्या दिवसांत त्या मोठ्या चष्म्यात उघडी पडू नये, असं त्यांच्या मनात. तो ‘मोठा’ चष्मा म्हणजे सुद्धा रुपयाच्या नाण्याहून थोडाच मोठा होता, ही गोष्ट वेगळी.

शाळेत पोचले तर तास सुरू. वर्गाला दोन दारं होती. पुढच्या दाराने जाणं बरं दिसणार नाही म्हणून ते मागच्या दाराने पाय न वाजवता आत शिरले आणि खिडकीकडच्या शेवटच्या बाकावर जागा होती तिथे अंग चोरून बसले. छकू फळ्यापाशी उभी होती. तिने वळून वर्गाकडे पाहिलं. घासकाकांनी हात वर केला. तिने पाहिलं नाही. त्यांनी चष्म्याचं घर हलवून दाखवलं. तरी नाही. लाजतेय, त्यांना वाटलं, बाप वर्गात आलाय म्हणून.

मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं.

मधल्या रांगेतली मुलं हाताची घडी घालून, देवळात बसल्यासारखी बसली होती. आणि खिडकीकडची रांग? तिथे भरला होता बाजार. पुढच्या बाकावर एक पोरगा पेरू खात होता. त्याच्या मागे दोघांची फुल्ली-गोळ्याची लढाई रंगात आली होती. एकजण डोकं टेकून शांत झोपला होता, आणि घासकाकांच्या शेजारी एक मुलगी पुढच्या मुलीची वेणी घालत होती. पलीकडे भिंतीच्या बाजूलाही असाच संसार. छकू बोलता बोलता सगळं अंग फिरवून एकदा खिडकीकडे बघायची, मग तसंच अंग फिरवून भिंतीकडे. टेबलावरचा पंखा फिरतो ना, तशी. आणि पोरांना त्या पंख्याची चाल पाठ झाली होती. तोंड इकडे वळायला लागलं की पेरू खाली, वेणी खाली, झोपलेला जागा, आणि त्यांच्याबरोबर घासकाकाही नकळत पुढच्या मुलीच्या पाठीआड. तोंड पुढे सरकलं की पेरू वर.

घासकाका वेणीवालीला दबक्या आवाजात म्हणाले, “अगं, बाईंना दिसेल ना!”

मुलीने त्यांच्याकडे दयेने पाहिलं. “आजोबा, तुम्ही नवीन आहात का?”

“हो.”

“इथलं बाईंना दिसत नाही. बाईंना फक्त मधलं दिसतं. म्हणून तर इथे बसायला आम्ही पाळ्या लावल्यात. उद्या मला मधे बसायचंय, म्हणून आजच वेणी घालून घेतेय.”

“आणि बाईंच्या चष्म्याला हसता का गं तुम्ही?” त्यांनी विचारलं.

“चष्म्याला कशाला हसायचं?” मुलगी म्हणाली. “चष्म्यामुळे तर सगळी सोय आहे.”

चष्म्याचं घर घासकाकांच्या हातात होतं. आतला चष्मा आठवून त्यांनी मूठ मिटली.

पुढे छकू शिकवत होती. फळ्यावर दोन शब्द लिहिलेले होते. तिने एका शब्दाखाली खडूने रेघ मारली. “हा शब्द थिक. थिक म्हणजे काय?”

“जाऽऽड!” मधल्या रांगेने एका सुरात सांगितलं. एवढ्या तोंडांनी एकदम तो शब्द उच्चारलेला घासकाकांनी जन्मात ऐकला नव्हता. दुकानात असते तर चाक मोडलं असतं.

“उदाहरण सांगा.”

मग मधून एकजण उभा राहिला. “बाई, तुमचा चष्मा!”

घासकाकांनी डोळे मिटले. लेकीने शाळेतून येऊन विचारलेला तो प्रश्न त्यांच्या कानात पुन्हा वाजला. पण त्यामागून हसण्याचा आवाज आला, आणि तो छकूचा होता.

“शाब्बास! बरोब्बर!” तिने चष्मा काढला आणि आडवा धरला. अगदी त्यांच्याच ढंगात. “बघा ही कड. माझे बाबा आहेत ना, ते इतके हुशार आहेत की त्यांनी ही कड लपवून ठेवलीय. पण तुम्ही शोधलीत. थिक ती थिकच.”

“बाई, हात लावून बघू?”

“या की.”

पेरू, फुल्ली-गोळा, अर्धी वेणी, सगळं जिथल्या तिथे टाकून वर्ग फळ्याकडे धावला. छकू खुर्चीत बसली, आणि तिच्याभोवती असा गराडा पडला की ती दिसेना. घासकाकांना नुसता तिचा आवाज येत होता.

“आता गंमत सांगू? आत्ता तुम्ही जसे उभे आहात ना, एकाला एक चिकटून, मधे बोट शिरायला जागा नाही, हे पण थिक. हा शब्द फार म्हातारा आहे. हजार वर्षांहून जास्त. तेव्हाचे लोक त्याचा उच्चार वेगळा करायचे, पण ओळखू येईल इतपतच वेगळा. जाड भिंतीला ते थिक म्हणायचेच. पण झाडं दाट असली, रान दाट असलं, तरी हाच शब्द. धुकं दाट असलं तरी हाच. पेज शिजून घट्ट झाली, तरी हाच. पुष्कळ माणसं गोळा झाली, तरी हाच.”

“म्हणजे आपण जाड आणि दाट असे दोन शब्द ठेवले, आणि त्यांनी एकातच भागवलं?” कुणीतरी विचारलं.

“हो. शेजारपाजारच्या देशांतही या शब्दाची भावंडं आहेत. त्यांच्या आधीचा पणजोबा कोण, ते पुस्तकवाले अंदाजाने सांगतात, तिथे कुणी हजर नव्हतं.”

“बाई, माझा दादा मला थिक म्हणतो. मठ्ठ म्हणून.”

“तो अर्थ पुष्कळ नंतर आला. त्या शब्दाने आधी कित्येक शतकं कुणाला नावं ठेवली नव्हती. दादाला सांग, तू उशिरा आलास.”

हशा झाला. गर्दी जरा हलली आणि फटीतून घासकाकांना लेक दिसली. चष्मा पोरांच्या हातात फिरत होता. तिच्या उघड्या डोळ्यांना लांबचं काही दिसत नव्हतं, पण लांब होतंच कोण? पोरं इतकी जवळ आली होती की प्रत्येकाचं नाक तिच्या नाकाला लागायचं बाकी होतं, आणि त्या गर्दीत ती एकेकाला नावाने हाक मारत होती. पेरूवाल्याला तिने सांगितलं, “अरे, हनुवटीला बी लागलीय.” त्याने चमकून हनुवटी पुसली.

मग तिने चष्मा लावला, मुलं जागेवर गेली, आणि पंखा पुन्हा फिरायला लागला. बी पुसून झालेला पोरगा उरलेला पेरू खाऊ लागला.

घासकाका जसे आले तसेच मागच्या दाराने बाहेर पडले. दुरुस्त केलेला चष्मा त्यांनी दिला नाही. खिशातच ठेवला.

दुकानात आल्यावर ते बराच वेळ चाक न लावता बसले. काय हे करून ठेवलं आपण? लोकांनी पोरीकडे बघितलं की काय दिसेल, याचाच विचार करत बसलो. पोरीने लोकांकडे बघितलं की तिला काय दिसेल, हे विचारलंच नाही. कॅलेंडर वाचायला लावलं. कॅलेंडर कधी पेरू खातं का?

मग आडोशावर टक्कल उगवलं.

“ताई, दुकानातली सगळ्यात मोठी फ्रेम काढ.”

“कोणासाठी?”

“छकूसाठी.”

ताई बावरली. “काका, तिचा नंबर... म्हणजे काच फारच जा... थिक होईल हो.”

“जाड होईल. जाड म्हण. थिक काय थिक?”

ताईच्या हातातलं फडकं खाली पडलं. मालक आतून बाहेर येऊन बघून गेले.

सगळ्यात मोठी फ्रेम म्हणजे एक तपकिरी धूड होतं. ते कुणी घेत नाही म्हणून तळच्या खणात पडलेलं असायचं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ताई ते लावून मालकांची नक्कल करायची. घासकाकांनी त्याच्यासाठी काच निवडली आणि घासायला घेतली. आयुष्यभर कड खाऊन टाकायला शिकलेला हात तो. चाकाला काच लागली की आपोआप जास्त घासायला जाई. दर वेळी त्यांना हात मागे ओढावा लागे, नको तिथे मीठ टाकणारा हात आवरावा तसा. कड उरली ती करंगळीएवढी. ती त्यांनी दडवली नाही. गालाला लागू नये एवढ्यापुरती फक्त गुळगुळीत केली, आणि वजन नाकावर रुतू नये म्हणून नाकाशी टेकणाऱ्या पट्ट्या रुंद बसवल्या. चष्मा तयार झाला आणि एक नवीच पंचाईत उभी राहिली. काच मागे इतकी आली होती की दांड्या मिटेनात. दांड्या मिटेनात म्हणून चष्मा त्याच्या घरात मावेना. शेवटी त्यांनी तो रुमालात गुंडाळला आणि अंडी नेतात तसा जपून घरी नेला.

बायकोने रुमाल उघडताना पाहिला. “अहो, हे काय? घराला खिडकी बसवायचीय का?”

छकू मात्र हसली नाही. तिने चष्मा हातात घेतला, कडेवरून बोट फिरवलं आणि बापाकडे पाहिलं. “बाबा, ही कड...”

“असू दे.”

“दिसेल.”

“दिसू दे.” मग घासकाका घसा खाकरून म्हणाले, “मी शाळेत आलो होतो. खिडकीकडच्या बाकावर बसलो होतो.”

“कधी? मला नाही दिसलात.”

“तिथलं कोणीच दिसत नाही तुला. पोरांनी पाळ्या लावल्यात तिथे बसायला.”

“पाळ्या?” छकू डोळे विस्फारून बघत राहिली आणि मग अशी हसायला लागली, की हसता हसता तिला डोळे पुसावे लागले. “पाळ्या लावल्यात! तरीच रोज वेगळीच मुलं गुणी असायची!”

“तुला ठाऊक होतं ना, कडेचं दिसत नाही ते?”

“थोडं ठाऊक होतं.”

“मग बोलली का नाहीस? इतकी वर्षं?”

“तुम्ही ते झाकण टक्कन उघडायचात ना, बाबा,” छकू म्हणाली, “तेव्हा तुमचं तोंड बघितलं की... कोण बोलणार?”

घासकाकांनी आपलं नेहमीचं काम काढलं. “बरं, लाव बघू. कॅलेंडर वाच.”

तिने वाचलं.

“आता मान हलवायची नाही. डावीकडे काय?”

हा प्रश्न त्यांनी आजवर कोणाला विचारला नव्हता.

“डावीकडे आई. तोंडावर हात ठेवून हसतेय.”

“आणि उजवीकडे?”

“तुम्ही.” “बाबा, तुमच्या कानामागे पांढरं लागलंय. हे रोज असतं?”

“लग्न झाल्यापासून बघतेय मी,” आई म्हणाली. “पुसलं तरी जात नाही ते.”

दुसऱ्या दिवशी वर्गात काय झालं ते छकूने घरी येऊन दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा सांगताना तिला हसू आवरेना. ती फळ्यापाशी मधल्या रांगेकडे तोंड करून उभी होती, आणि मान न वळवता म्हणाली, “वेणी मधल्या सुट्टीत घालायची.” वर्गात असा सन्नाटा पसरला की खिडकीबाहेरचा कावळा ऐकू आला. मग ती म्हणाली, “आणि पेरू एकट्याने खायचा नसतो.” त्यानंतर वर्ग शांत झाला असं नाही. मुलं ती मुलंच. पण गोंगाट आता कुठून येतो ते बाईंना कळत होतं, आणि ते बाईंना कळतं हे मुलांना कळत होतं. सत्राच्या अखेरीस मोठ्या बाई तासाला येऊन बसल्या. नेमक्या भिंतीकडच्या बाकावर बसल्या. अर्ध्या तासाने उठताना त्यांना छकूने फळ्यापासून, मान न वळवता, “बाई, तुमचा पेन खाली पडलाय” म्हणून सांगितलं. दुसरी बाई बघायचं मग राहूनच गेलं.

सुट्टी लागली आणि एक दिवस दुकानात ती वेणीवाली मुलगी आली, आईचं बोट धरून. तिचा नंबर निघाला होता. आडोशावर टक्कल दिसलं आणि तिने लगेच ओळखलं.

“आजोबा, तुम्हीच ना ते? तुम्ही येऊन गेलात आणि बाईंचा चष्मा बदलला. पुढच्या दिवसांत तीन पाळ्या होत्या माझ्या खिडकीकडे.”

“चुकलंच माझं,” घासकाका म्हणाले.

“फ्रेम कशी हवी?” ताईने विचारलं.

“बाईंसारखी. मोठी. आणि काच जाड.”

तिची आई घाबरली. “जाड येणार का हो काच?”

ताईने सवयीने आडोशाकडे पाहिलं. घासकाका हात पुसत बाहेर आले होते. त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, उलटी करून मागेही काही लिहिलंय का ते पाहिलं. नंबर एवढासा होता. काचेला मधे जाडी नाही, कडेला नाही. काय करणार?

“नाही गं बाळा,” ते खाली वाकून अपराध्यासारखे म्हणाले, “तुझी काही जाड होत नाही.”

आईने सुटकेचा श्वास सोडला. मुलीचा खालचा ओठ पुढे आला.

“थोडीशीसुद्धा नाही?”

“बघतो,” घासकाका म्हणाले आणि चाकाकडे वळले. “फ्रेम तेवढी मोठी घेऊ.”